केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलास, तर हे ऐक

परवा दांडिया बाजारात घरी आलास तेव्हा विचारलंस, "काका, म्हणजे लॅबमध्ये रसायनं बनवायची ना?" तसं नाही रे. नवं रसायन शोधणं हे केमिस्टचं काम. तेच रोज टनावारी, सुरक्षितपणे आणि परवडेल असं बनवणं आपलं.

हे बघ, भांडं लांबी-रुंदी-उंचीला दहापट केलंस की आत माल १००० पट मावतो, पण उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग १०० पटच वाढतो. बीकरमध्ये कोमट राहणारं मिश्रण मोठ्या रिॲक्टरमध्ये हाताबाहेर जातं ते यामुळे. १९८४ साली भोपाळला टाकीत पाणी शिरलं, क्रिया भडकली आणि हजारो माणसं गेली. सेफ्टीचा पेपर ऑप्शनला टाकू नकोस, एवढं माझं ऐकच.

मास बॅलन्स हातानेच सोडव. आत किती गेलं, बाहेर किती आलं, उरलेलं कुठे आहे? सॉफ्टवेअर नंतर.

सुट्टीत बडोद्याजवळ नंदेसरीच्या एखाद्या कारखान्यात ट्रेनिंग बघ. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज म्हणजे कॅव्हिटेशन, म्हणजे आत द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत, हे मला एका जुन्या ऑपरेटरने कान लावायला लावून शिकवलं. अशा माणसांशेजारी उभा राहा, विचारत राहा.

नोकरी फक्त कोयलीच्या रिफायनरीतच असते असं नाही. औषधं, खतं, दूध, सांडपाणी, सगळीकडे हेच शिक्षण लागतं.