स्वतःचं वर्कस्टेशन मिळत असताना सामायिक सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत कशाला थांबायचं?

तुमचा प्रश्न रास्त आहे. गाईडच्या ग्रँटमधून चांगलं मशीन येत असेल, तर क्लस्टरवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटर जोडून केलेल्या त्या सामायिक सुपरकॉम्प्युटरवर, नंबर लागायची वाट का बघायची? मी मुंबईत पीएचडी करते, विषय बॅटरीचे कॅथोड. दोन्ही वापरलंय, म्हणून सांगते: क्लस्टरचं अकाउंट आधी मागा.

पहिली दोन वर्षं मीही वर्कस्टेशनवरच काढली. चाळीस-पन्नास अणूंपर्यंत ते पुरतं. पण डीएफटीत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढायच्या गणनेत, अणू दुप्पट केले की काम साधारण आठपट होतं. आणि कॅथोडमधून एकच लिथियम निघून गेला तर काय होतं, हे बघायचं तर सेल, म्हणजे गणनेत चहूबाजूंना पुन्हा पुन्हा जोडला जाणारा अणूंचा ठोकळा, मोठा घ्यावाच लागतो. नाहीतर शेजारच्या सेलमधली तीच रिकामी जागा उत्तर बिघडवते. मी दोनशे अणूंचा जॉब लावला. अकरा दिवस पंखे घरघरत होते. जुलैतल्या एका दुपारी लॅबची वीज गेली. आउटपुट फाइलची शेवटची ओळ मध्येच तुटलेली होती. डिस्क भरते म्हणून मधे-मधे गणना सेव्ह करणारा चेकपॉइंट मीच बंद ठेवला होता. त्या दिवशी खरंच रडू आलं.

तोच जॉब क्लस्टरवर आठ नोडवर, म्हणजे त्यातल्या आठ कॉम्प्युटरवर, टाकला. दोन दिवस रांगेत पेंडिंग, मग दीड दिवसात पूर्ण. आठ साधे पीसी जोडून हे होत नाही, कारण नोड एकमेकांशी सतत बोलत असतात आणि त्यांच्यामधलं इन्फिनिबँडचं अतिवेगवान जाळं एकट्या लॅबला परवडत नाही. शिवाय मी थिसिस लिहीत बसले की माझं मशीन नुसतं पडून राहतं. क्लस्टरवर तेच कोअर दुसऱ्या कुणाच्या तरी प्रोटीनसाठी राबत असतात.

आपल्या शहराला हे नवीन नाही. १९६४ साली टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांमधले शास्त्रज्ञही त्यावर काम करायचे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून आयआयटी, आयसरसारख्या संस्थांत 'परम' सुपरकॉम्प्युटर यंत्रणा बसल्या, त्यामागेही वाटून वापरण्याचाच विचार आहे.

छोट्या चाचण्या, ग्राफ वगैरे खुशाल स्वतःच्या मशीनवर करा. क्लस्टरवर मात्र वॉलटाइम, म्हणजे जॉबला लागणारा घड्याळी वेळ, नेमका मागा. सहा तासांच्या जॉबला बहात्तर तास लिहू नका. रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर स्लर्म मोठ्या जॉबच्या मधल्या फटीत छोटे जॉब बसवतं, त्यामुळे तुमचा नंबर बराच आधी लागू शकतो.