पाणथळ जागेलगतच्या नव्या गृहसंकुलाचे पाणी विंधन विहिरींतून घेतले, तर पाणथळीला धोका पोहोचतो का?

होय, पोहोचू शकतो, आणि बांधकाम पाणथळीच्या हद्दीबाहेर आहे एवढ्यावरून तो टळत नाही. अनेक पाणथळ जागा कोरड्या ऋतूत भूजलाच्या झिरप्यावरच तग धरतात. त्यामुळे शेजारी सतत उपसा सुरू होऊन भूजलपातळी थोडी जरी खाली गेली, तरी काठावरचा उथळ पट्टा आधी उघडा पडतो, आणि बेडकांची अंडी, पाणकिडे व चिखलात चोच खुपसणारे पक्षी यांचा आधार नेमका तोच पट्टा असतो. शिवाय छपरे, रस्ते आणि फरसबंदी यांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी तेल, गाळ व खतांचे अंश घेऊन एकदम पाणथळीत उतरतो.

प्रकल्पाच्या अहवालात सर्वप्रथम उपसा चाचणी (विहिरीतून सतत पाणी उपसून पातळी किती उतरते हे पाहणारी चाचणी) पाहावी: ती कोरड्या ऋतूत घेतली होती का, आणि त्या काळात पाणथळीच्या काठावरील निरीक्षण विहिरीतली पातळी नोंदवली होती का? विंधन विहिरीला भरपूर पाणी लागले, हे माझ्या मते अजिबात पुरेसे उत्तर नाही. मान्यतेपूर्वी या पातळीच्या किमान एका पूर्ण वर्षाच्या नोंदी आग्रहाने मागाव्यात, कारण कुटुंबे राहायला आल्यावर उपसा घटवणे फार कठीण होते.