आठवड्याच्या एका तासिकेत मुलं खंबीर होतात का?

तुम्ही विचारलंय, सातवीच्या वर्गाला मानसिक आरोग्यासाठी आठवड्याला एक तासिका मिळाली आहे, तिच्यात ध्यान घ्यावं की गप्पा?

काहीही घ्या, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या 'मिरियड' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शिक्षकांनी सजगतेचे (मन चालू क्षणावर ठेवण्याच्या ध्यानाचे) धडे दिले, तरी नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्थितीत काही जास्त सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलं घरी सरावच करत नव्हती. (आपण तरी केला असता का?)

मग मुलं खंबीर कशाने होतात? हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी थेट मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार असं सगळं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचं एक तरी मोठं माणूस होतं. पुष्कळदा ते घराबाहेरचं होतं, कधी शिक्षकही.

म्हणून माझा सल्ला जरा कंटाळवाणा आहे. सगळे शिक्षक मिळून हजेरीपट घेऊन बसा. ग्रंथपालांना आणि शिपायांनाही बोलवा, मुलांचं त्यांना बरंच ठाऊक असतं. प्रत्येक नावापुढे लिहा: अडचण आली तर हे मूल आपल्यापैकी कोणाकडे जाईल? हुशार आणि उपद्रवी मुलांची नोंद पटकन होते. वेळेवर गृहपाठ देणाऱ्या गप्प मुलांपुढची जागा कोरी राहते. ती मुलं आपसांत वाटून घ्या, त्यांना कळू न देता. अधूनमधून दोन मिनिटं बोला, अभ्यास सोडून कशाहीबद्दल.

मात्र सगळं शिक्षकांच्या गळ्यात घालून चालत नाही. बिहारमधल्या शाळांत झालेल्या 'सेहर' प्रयोगात (निष्कर्ष २०१८) आरोग्याचा एकच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला तेव्हा परिणाम दिसला नाही. त्याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी राबवला तेव्हा शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्यही कमी झालं. मुख्याध्यापकांकडे असं एक माणूस मागाच.

आणि मूल म्हणालं, "कोणाला सांगू नका," तर तसा शब्द देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण कोणाला ते आधी तुला सांगेन," असं म्हणा. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोला. धोका घरातूनच नसेल, तर पालकांशीही.