वाचकांचे प्रश्न : वापरातला वारसा जपणारे हुआहिने

प्रश्न : पॉलिनेशियाविषयी वाचताना पाण्यावर उभारलेल्या महागड्या हॉटेलांचीच वर्णने हाती येतात. आमच्या वाईत कृष्णेचे जुने घाट आजही रोजच्या वापरात आहेत. तसा वापरातला वारसा असलेले, फारसे प्रसिद्ध नसलेले एखादे बेट त्या भागात आहे काय?
– एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : आपल्याला हवे तसे बेट म्हणजे हुआहिने. दक्षिण प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशिया या द्वीपसमूहातले हे बेट तेथील ताहिती या मुख्य बेटाच्या वायव्येस सुमारे १७५ किलोमीटरवर आहे. त्याचे नुई आणि इती असे दोन भाग पुलाने जोडलेले असून लोकवस्ती जेमतेम सहा हजारांच्या घरात आहे. शेजारच्या बोराबोराइतका पर्यटकांचा ओघ येथे वळला नाही, आणि माझ्या मते ते या बेटाचे भाग्यच होय.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर माएवा या गावी मिळते. तेथील फाउना नुई सरोवर ज्या चिंचोळ्या प्रवाहाने समुद्राशी जोडलेले आहे, त्या प्रवाहात प्रवाळाचे दगड रचून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे बांध पूर्वजांनी घातले. पाण्याच्या ओढीबरोबर मासे रुंद तोंडातून आत शिरतात, पुढे निमुळत्या वाटेने कोंडीत अडकतात आणि मग ते सहज काढून घेता येतात. शतके लोटली तरी यांपैकी काही बांधांवर गावकरी आजही मासे धरतात.

याच गावात बेटावरील प्रमुख घराण्यांची ‘माराए’, म्हणजे दगडी फरसबंदीची पूजास्थाने, सरोवराच्या काठी आणि डोंगरउतारावर विखुरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्म स्वीकारला गेल्यावर तेथील पूजाविधी थांबले आणि झाडीने ती झाकली गेली. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील पुरातत्त्वज्ञ योसिहिको सिनोतो यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांतील अनेकांचा जीर्णोद्धार केला. पुढे १९७० च्या दशकात एका हॉटेलच्या आवारात तळे खोदताना जुन्या वस्तीचे अवशेष लागले, तेव्हा उत्खननही सिनोतो यांनीच केले. चिखलात दबून राहिल्यामुळे होडीच्या लाकडी फळ्यासुद्धा तेथे टिकल्या होत्या. देवमाशाच्या हाडांची, न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींच्या ‘पातू’सारखी, म्हणजे आखूड गदेसारखी, आयुधेही सापडली. समुद्रापार हजारो किलोमीटरवर गेलेल्या या लोकांचे नाते अशा वस्तूंतून हाताला लागते, म्हणून मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

इतिहासाची आवड असल्यास माई या तरुणाचीही माहिती घ्यावी. तो १७७३ मध्ये हुआहिनेहून इंग्रजी जहाजावर चढला, पुढील वर्षी लंडनला पोहोचला आणि १७७७ मध्ये कॅप्टन कुकबरोबर याच बेटावर परतला. बेटावरील फारे या गावी कुकच्या सुतारांनी त्याला घर बांधून दिले होते.

प्रत्यक्ष जाण्याचा विचार असेल, तर ताहितीहून विमानाने सुमारे चाळीस मिनिटांत तेथे पोहोचता येते. माएवात प्रथम ‘फारे पोतेए’ हे जुन्या सभागृहाच्या धर्तीवर उभारलेले छोटे संग्रहालय पाहावे आणि मगच माराएंकडे वळावे. तेथील दगडांवर मात्र चढू नये, कारण पूजा थांबली असली तरी स्थानिक लोक त्या जागा पवित्रच मानतात.