वर्ग बोलत नाही, तेव्हा

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. प्रथम वर्ष वाणिज्यच्या पटावर 120 विद्यार्थी आहेत, पण तासाला जेमतेम निम्मे असतात. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरची ठरावीक दोन-तीन मुले उत्तर देतात आणि बाकीचा वर्ग मान खाली घालून बसतो. मागे मोबाइल आणि कुजबुज सुरू असते, सुरुवातीची दहा मिनिटे उशिरा येणाऱ्यांत जातात, आणि काही वेगळे करायला घेतले की ‘मॅडम, नोट्स द्या’ अशी मागणी होते. अंतर्गत गुणांचा धाक दाखवा, असे सहकारी सुचवतात. काय करावे?
— एक अध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर : अंतर्गत गुणांचा धाक दाखवू नये, हे आधीच स्पष्टपणे सांगतो. ते गुण विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे असतात, वागणुकीचे नव्हेत. शिवाय वर्ग बोलत नाही हीच आपली मुख्य अडचण असताना धाकाने ती वाढण्याचीच शक्यता अधिक.

वर्गातील ही शांतता बेफिकिरीची आहे, असे मला वाटत नाही. चारचौघांत उत्तर चुकले तर हसे होईल ही धास्ती, आणि आपण विचार करेपर्यंत पुढच्या बाकावरचा कोणीतरी बोलून मोकळा होणार हा अनुभव, या दोन गोष्टींमुळे पुष्कळ मुले पहिल्या महिन्यातच प्रयत्न सोडून देतात. अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात शालेय विज्ञानवर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असे त्यांना आढळले. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. म्हणून प्रश्न विचारल्यावर थांबावे, पण मोठ्या वर्गात नुसते थांबणे पुरत नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझूर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून रुजवलेली पद्धत इथे उपयोगी पडेल : प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचे.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. मागणीच्या लवचिकतेची, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो याची, व्याख्या सांगण्याआधी फळ्यावर लिहावे : कांदा किलोला 20 रुपयांवरून 40 रुपये झाला आणि एका घरातील महिन्याचा खप 5 किलोंवरून 4 किलोंवर आला. त्या घराचा कांद्यावरचा खर्च (1) वाढला, (2) घटला की (3) तेवढाच राहिला? दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, वहीत उत्तर लिहायचे. मग सर्वांनी एकाच वेळी एक, दोन किंवा तीन बोटे छातीजवळ धरून दाखवावीत, म्हणजे आपल्याला ती दिसतात आणि मागच्या-पुढच्यांना दिसत नाहीत. उत्तरे विभागलेली दिसली की योग्य उत्तर लगेच सांगू नये. वेगळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला पटवून द्यायला तीन मिनिटे द्यावीत आणि पुन्हा बोटे दाखवायला सांगावे. खर्च 100 रुपयांवरून 160 रुपयांवर गेला, हे मुले स्वतःच मांडतात. त्यानंतर विचारावे, की मग बाजारात कांद्याची आवक फार वाढली तर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशाचे काय होते? ज्यांच्या घरी शेती आहे अशी मुले इथे हमखास बोलतात, कारण भाव कोसळल्याचा हिशेब त्यांनी घरात ऐकलेला असतो. अलवचिक मागणी (भाव बराच बदलूनही खप थोडाच बदलणे) ही संज्ञा त्या बोलण्यानंतर यावी.

उशिरा येणाऱ्यांबाबत आधी चौकशी करावी. आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्यांची वेळ त्यांच्या हातात नसते, आणि दारात अडवून जाब विचारल्याने ती मुले तासालाच येईनाशी होतात. फळ्यावरचा प्रश्न तासाच्या सुरुवातीला ठेवला, तर दहा मिनिटे उशिरा आलेला विद्यार्थीही शेजाऱ्याबरोबर चर्चेत सामील होऊ शकतो.

मोबाइलचा नियम पहिल्याच आठवड्यात सांगावा आणि तो सर्वांना सारखा असावा. तरीही कोणी सतत व्यत्यय आणत असेल, तर वर्गासमोर त्याचा पाणउतारा करू नये. तास संपल्यावर त्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारावे.

नोट्सच्या मागणीवर रागावण्याचे कारण नाही, कारण त्यामागे परीक्षेची खरी काळजी असते. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. मेहनत पडली की शिकणे अवघड गेल्यासारखे वाटते. म्हणून ही पद्धत का वापरत आहात, हे मुलांना आधीच सांगावे आणि प्रत्येक घटकाच्या शेवटी एक पानाचे मुद्दे जरूर द्यावेत.

आता एक गोष्ट आपल्या संस्थेसाठी. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला विद्यार्थी ‘तात्पुरत्या मॅडम’ समजतात, आणि विभागप्रमुखांनी उघडपणे पाठीशी उभे राहिल्याशिवाय ही समजूत जात नाही. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः वर्गात येऊन मुलांना तुमची ओळख करून द्यावी आणि उपस्थितीचे नियम तुमच्यासमोर सांगावेत, अशी विनंती त्यांच्याकडे लेखी करावी. ही मागणी करण्यात संकोच बाळगू नये.