ब्युनोस आयरीस पायी बघायचं तर?

प्रश्न: दादा, जुलैत भाचीकडे अर्जेंटिनात, ब्युनोस आयरीसला चाललेय, एक दिवस मोकळा मिळेल, पायीच फिरायचंय. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, प्लाझा दे मायोपासून करा, तिथे राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा आहे, कासा रोसादा, तो बघून आवेनिदा दे मायोने सरळ संसदेपर्यंत चालत जायचं, दीडेक किलोमीटर, पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फेरी मारतो तेवढंच समजा. वाटेत १८५८ चं कॅफे तोर्तोनी, रांग असते पण कॉफी घ्याच. पुढे नुएवे दे हुलियो रस्ता येतो, एवढा रुंद की एका सिग्नलमध्ये पार होतच नाही, मध्येच थांबावं लागतं, तिथूनच उजवीकडे १९३६ चा ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता स्तंभ, दिसतो. रविवार असेल तर मात्र सान तेल्मो या जुन्या वस्तीतला बाजार सोडू नका, दगडी गल्ल्या, जुनी घरं, पणजीचं फोंतेन्हास आठवेल. आणि हो, तिकडे जुलैत हिवाळा, स्वेटर न्या, छत्री नेलीत तरी चालेल पण आपल्यासारखा धो धो पाऊस नसतो.