इन्सुलिन घेणाऱ्या वडिलांसाठी काय घ्यावं: ब्रेसलेट, लॉकेट की कार्ड?

तुमचे वडील सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात, पेडण्याहून म्हापशाला कदंबाच्या बसने एकटेच ये-जा करतात, आणि वाटेत साखर उतरली तर लोकांना कळावं म्हणून त्यांच्या अंगावर काय असावं, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः टाईप १ मधुमेहाची, शाळेत होते तेव्हापासून इन्सुलिनवर, राहायला डिचोलीला. माझ्या मते मनगटावर स्टीलचा पट्टा घ्या, अक्षरं खोल कोरलेला. कार्ड आणि फोन त्याच्या जोडीला असू देत, त्याच्याऐवजी नकोत.

बहुतेक जण ही वस्तू डॉक्टरांनी वाचावी म्हणून निवडतात. पण बेशुद्ध माणूस इस्पितळात पोचला की तिथे बोटाला सुई टोचून साखर बघतातच. खरी अडचण त्याच्या आधीची असते, बसमध्ये नाहीतर बाजारात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की घाम फुटतो, हात थरथरतात. ५४ च्या खाली गेली की मेंदूला पुरत नाही. जीभ जड होते, पाय लटपटतात, शांत माणूससुद्धा चिडून भलतंच बोलतो. आपल्याकडे असा माणूस दिसला की लोक काय समजतात हे तुम्हाला सांगायला नको. ‘घेऊन आलाय’ म्हणतात आणि बाजूला सरकतात. साखर फार चढून रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे पदार्थ) साचले तर तोंडाला आंबूस-गोडसर वास येतो, तोही लोकांना दारूचाच वाटतो. आणि वडील कधीमधी थोडी फेणी घेत असतील तर धोका दुहेरी आहे: दारू पचवण्यात गुंतलेलं यकृत साखर सोडत नाही, त्यामुळे वास खरा दारूचा आणि साखरही खरीच उतरलेली, असं होऊ शकतं.

म्हणून पट्टा शेजारच्या प्रवाशासाठी घ्यायचा. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं: प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाचं ११.४ टक्के. म्हणजे त्या बसमध्ये घरी साखरेवाला माणूस असलेले कितीतरी जण बसलेले असणार. साखर द्यायची हे त्यांना शिकवावं लागत नाही, हा प्यायलेला नाही एवढंच कळायला हवं. मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चक्कर आली तेव्हा एका भाजीवाल्या मावशीने माझा पट्टा वाचला आणि शेजारच्या गाड्यावरून साखर घालून लिंबूपाणी आणून पाजलं.

त्या मावशीला वाचता आलं, कारण अक्षरं मोठी होती. नुसतं साप-काठीचं वैद्यकीय चिन्ह आपल्याकडे फार थोड्यांना कळतं. क्यूआर कोडवर तर अजिबात विसंबू नका; तो स्कॅन करायला समोरच्याला आधी सुचलं पाहिजे, मग रेंजही हवी. दर्शनी बाजूला इंग्रजी मोठ्या लिपीत ‘डायबेटिस – इन्सुलिन’ कोरून घ्या, खाली तेच देवनागरीत. गोव्यात काहींना रोमी (रोमन लिपी) सवयीची, काहींना देवनागरी, दोघांनाही वाचता यावं. आतल्या बाजूला नाव, तुमचा फोन नंबर (त्यांचा नको, तो त्यांच्याच खिशात वाजेल) आणि एक ओळ: ‘शुद्धीत असल्यास साखर द्या, नसल्यास १०८’. ही ओळ महत्त्वाची, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा कसली ॲलर्जी असेल तर तेही आत घाला.

धातूचं म्हणाल तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत चांदी काळी पडते आणि अक्षरं बुजतात. छापलेली अक्षरं घामाने जातात. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील टिकतं. त्वचेला निकेल सोसत नसेल तर टायटॅनियम, तेही नको तर सिलिकॉनच्या पट्ट्यात धातूची पट्टी. ट्रॉफ्या बनवणाऱ्यांकडे लेझरने कोरून मिळतं. एमआरआय करताना तेवढा काढून ठेवायचा. लॉकेट सदऱ्याच्या आत राहतं, कुणी नाडी बघायला हात धरला तरी दिसत नाही, म्हणून मी ते दुसऱ्या नंबरावर ठेवते. बायकांना मात्र सांगेन की बांगड्यांच्या हातात पट्टा घालू नका, त्यांच्यात तो हरवतो.

फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणारी आपत्कालीन माहिती आजच भरून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. कार्डावर औषधांची यादी ठेवा, कारण डोस बदलत राहतात आणि कोरलेलं बदलता येत नाही.

वडील ‘मला कशाला, मी काय आजारी आहे?’ म्हणतील, बहुतेक बाबा म्हणतात. त्यांच्यावर लादू नका. त्यांना दुकानात सोबत घेऊन जा, जाड कडं हवं असेल तर कडं घ्या. कपाटात पडलेला महागडा पट्टा काही कामाचा नाही. आणि सदऱ्याच्या खिशात १५ ग्रॅम ग्लुकोजची पुडी कायम असू दे. ती नसेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, मग १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.